पहाटेची किलबिल, पण पाखरं कुठं आहेत?

'प्लाझ्मा' म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना टीव्ही आठवतो आणि उरलेल्यांना रक्तदान शिबिर! या लेखातला प्लाझ्मा तिसराच आहे. वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले की जे धन आणि ऋण भारांचं मिश्रण उरतं, तो हा प्लाझ्मा. आपल्या डोक्यावर साधारण हजार किलोमीटर गेलं की जी जागा आपण 'पोकळी' म्हणून सोडून देतो, ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवलेल्या याच विरळ प्लाझ्माने भरलेली आहे. या प्रदेशाला चुंबकावरण म्हणतात. तळ्यात खडा टाकला की जशा लाटा उठतात, तशा या प्लाझ्मातही उठतात. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच लाटा हेडफोन लावून ऐकता येतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर व्हायवात पहिला प्रश्न हाच येईल. अवकाशात हवा नाही, मग आवाज कसा? तर हा आवाज नाहीच. या विद्युतचुंबकीय लहरी आहेत. फक्त त्यांची वारंवारता काहीशे हर्ट्झ ते दहा किलोहर्ट्झ, म्हणजे नेमकी आपल्या कानाच्या पट्ट्यात पडते. त्यामुळे अँटेना, ॲम्प्लिफायर आणि हेडफोन एवढं पुरतं. डिमॉड्युलेटर लागत नाही, ट्यूनिंग लागत नाही. फायनल इयरच्या सेमिनारसाठी मी हा विषय निवडला तेव्हा सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर पुढे येईलच, पण आधी गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

खंदकातल्या शिट्ट्या

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या फील्ड टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकण्यासाठी जमिनीत तारा खुपसून त्यांना ॲम्प्लिफायर जोडत. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन यांच्या उपकरणांवर कधीकधी बोलण्याऐवजी वरून खाली उतरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू यायच्या. जणू तोफेचे गोळे उडत जाताहेत! १९१९ साली त्यांनी यावर लिहिलं, पण कारण कळायला बराच काळ जावा लागला. १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरी या संशोधकाने कोडं सोडवलं. या शिट्ट्यांचा उगम विजेत आहे. वीज चमकली की सगळ्या वारंवारतांचा एक क्षणिक धमाका होतो. त्यातला थोडा भाग आयनांबर भेदून वर जातो, पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेला धरून हजारो किलोमीटरची कमान काढतो आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतो.

मग टाळीसारखा आवाज शिट्टीसारखा का होतो? प्लाझ्मामधून जाताना या लहरींचा वेग वारंवारतेवर अवलंबून असतो. उंच सूर आधी पोचतात, खर्जातले मागे रेंगाळतात. पोचायला लागणारा वेळ वारंवारतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एखाद्या शिट्टीसाठी हा स्थिरांक ८० धरा. ६४०० हर्ट्झचं वर्गमूळ ८०, म्हणजे तो सूर १ सेकंदात पोचला. १६०० हर्ट्झचं वर्गमूळ ४०, म्हणजे तो २ सेकंदांनी आला. सगळे सूर एकाच क्षणी निघाले, पण पोचताना त्यांची अशी रांग लागली. 'व्हिसलर' म्हणतात ते हेच.

आता खरी मेख पुढे आहे. हा स्थिरांक वाटेत किती इलेक्ट्रॉन भेटले त्यावर ठरतो. म्हणजे जमिनीवर बसून, हेडफोन कानाला लावून, हजारो किलोमीटर वरच्या प्लाझ्माची घनता मोजता आली. तीसुद्धा स्पुटनिक उडण्याच्या चार वर्षं आधी! त्या उंचीवर काहीच नसणार असा समज होता, आणि स्टोरी यांना तिथे दर घन सेंटिमीटरला शेकडो इलेक्ट्रॉन सापडले. पुढे १९६३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन कारपेंटर यांनी व्हिसलरवरूनच दाखवलं, की पृथ्वीच्या त्रिज्येच्या चार-पाच पट अंतरावर ही घनता कडा तुटावा तशी एकदम खाली येते. या कड्याच्या आतल्या थंड, दाट प्लाझ्माला प्लाझ्मास्फिअर म्हणतात आणि कड्याला प्लाझ्मापॉझ. सोव्हिएत यानांच्या मोजमापांवरून कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ यांनाही हा उतार दिसला होता.

दोन पट्टे आणि मधली गल्ली

१९५८ मध्ये अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ वर गेला. आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी त्यावर गायगर काउंटर बसवला होता. ठरावीक उंचीवर गेलं की काउंटर चक्क गप्प बसायचा. कारण उलटं होतं. तिथे कण इतके होते की बिचाऱ्याला मोजायला उसंतच मिळत नव्हती. अशा रीतीने व्हॅन ॲलन प्रारणपट्टे सापडले. आतला पट्टा मुख्यतः जोरदार प्रोटॉनांचा आणि बाहेरचा इलेक्ट्रॉनांचा. आतला बराच स्थिर, बाहेरचा मात्र लहरी स्वभावाचा. चुंबकीय वादळ आलं की तो कधी काही तासांत रिकामा होतो, कधी हजारपट भरतो.

या पट्ट्यात अडकलेला इलेक्ट्रॉन एकाच वेळी तीन कामं करत असतो. बलरेषेभोवती सेकंदाला हजारो गिरक्या घेतो, उत्तर-दक्षिण येरझाऱ्या घालतो, आणि हे सगळं करत पृथ्वीभोवती पूर्वेकडे सरकतो. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन दहा-पंधरा मिनिटांत अशी प्रदक्षिणा पुरी करतो. त्याला कुणी धक्का दिला नाही तर तो वर्षानुवर्षं तसाच फिरत राहील. पण दोन पट्ट्यांच्या मध्ये, पृथ्वीच्या त्रिज्येच्या दोन ते तीन पट अंतरावर, एक रिकामी गल्ली आहे. तिथले इलेक्ट्रॉन कोण झाडून नेतं? आणि बाहेरच्या पट्ट्यात नवे जोरदार इलेक्ट्रॉन कुठून येतात? दोन्ही प्रश्नांचं उत्तर मोठ्या प्रमाणात एकच आहे: प्लाझ्मा लहरी.

मंडळींची ओळख

आधी एक छोटं गणित. इलेक्ट्रॉनच्या गिरक्यांची वारंवारता चुंबकीय क्षेत्राच्या दर नॅनोटेस्लाला २८ हर्ट्झ असते. विषुववृत्तावर जमिनीजवळ क्षेत्र सुमारे ३१,००० नॅनोटेस्ला आहे आणि ते अंतराच्या घनाने कमी होतं. त्रिज्येच्या पाचपट अंतरावर ते १२५ पटींनी घटून २५० उरतं. २५० गुणिले २८, म्हणजे ७ किलोहर्ट्झ. तिथल्या महत्त्वाच्या लहरी या आकड्याच्या आतबाहेर नाही, तर बऱ्याचशा त्याच्या खालीच असतात. म्हणून तर त्या आपल्या कानाच्या पट्ट्यात येतात. यात दैवी योगायोग काही नाही, पृथ्वीच्या चुंबकाचा हा हिशेब आहे.

पहिली मंडळी 'कोरस'. गिरक्यांच्या वारंवारतेच्या एक दशांश ते आठ दशांश या पट्ट्यात, प्लाझ्मापॉझच्या बाहेर, वर चढत जाणाऱ्या छोट्या छोट्या चिवचिवाटासारख्या या लहरी असतात. रेकॉर्डिंग ऐकलं तर पहाटे वडाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. नावही त्यावरूनच पडलं. शिवाय त्या खरोखरच मध्यरात्र ते सकाळ या बाजूला जास्त आढळतात. कारण चुंबकावरणाच्या शेपटीकडून, म्हणजे मध्यरात्रीच्या बाजूने, आत फेकले गेलेले इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत जातात. मध्यरात्रीच्या पूर्वेला पहाटच असणार!

कोरस तयार कसा होतो? गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर गेला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, ती आठवा. बारीकसा आवाज माइकमध्ये जातो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये जातो. इथे ॲम्प्लिफायरचं काम आत आलेले इलेक्ट्रॉन करतात. त्यांची ऊर्जा बलरेषेच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेत जास्त असते, आणि हा असमतोल लहरीला ऊर्जा देऊन टाकतो. १९६६ मध्ये केनेल आणि पेटचेक यांनी याचं मूळ गणित मांडलं.

दुसरी मंडळी 'हिस'. शंभर हर्ट्झपासून एक-दोन किलोहर्ट्झपर्यंत, प्लाझ्मास्फिअरच्या आत, नळाला पाणी येण्याआधी फुसफुसावं तसा सलग आवाज. १९७२-७३ मध्ये लायन्स, थॉर्न आणि केनेल यांनी दाखवलं, की मधली गल्ली झाडणारा झाडूवाला हाच. काम सावकाश, कित्येक दिवस चालणारं, पण नेमाने. हा हिस येतो कुठून, यावर तीसेक वर्षं वाद चालला. २००८ मध्ये बोर्टनिक आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं, की बाहेरच्या कोरसचा काही भाग प्लाझ्मास्फिअरमध्ये शिरतो, तिथे इकडून तिकडे आपटत राहतो आणि सगळे सूर एकमेकांत मिसळून त्याचा हिस होतो. मेसच्या दारात उभं राहिलं तर एकेकाचं बोलणं कळतं. आत मध्यभागी बसलं तर फक्त गलका ऐकू येतो. तसंच हे.

तिसरी मंडळी आयनांच्या गिरक्यांशी नातं असलेली. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, म्हणून वरच्याच ठिकाणी त्याची वारंवारता ७ किलोहर्ट्झऐवजी जेमतेम ४ हर्ट्झ. या लहरी ऐकू येत नाहीत, पण अतिशय जोरदार इलेक्ट्रॉनांना त्या झपाट्याने खाली वातावरणात ढकलतात.

झोका देणाऱ्याची वेळ

एवढ्याशा दुबळ्या लहरी इतक्या जोरदार कणांचं काय वाकडं करणार? झोक्याचं उदाहरण घ्या. भलताच जोर लावून अवेळी धक्का दिला तर झोका थांबतो. बोटाने हलकेच पण दरवेळी योग्य क्षणी ढकललं तर तो वर वर जातो. व्हिसलर जातीच्या लहरींचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनच्याच दिशेने गोल फिरतं, पण वारंवारता त्याच्या गिरक्यांपेक्षा कमी असते. मग ताल जुळणार कसा? डॉप्लरमुळे. समोरून येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच लागते, तशी समोरून धावत येणाऱ्या इलेक्ट्रॉनला लहरीची वारंवारता वाढलेली भासते. ती त्याच्या गिरक्यांइतकी झाली, की लहर त्याच्याबरोबर फिरतेय असं होतं आणि प्रत्येक धक्का एकाच बाजूने बसतो.

या धक्क्याचे परिणाम दोन. एक म्हणजे इलेक्ट्रॉनची दिशा बदलते. तो बलरेषेला जास्त समांतर झाला तर येरझारीत इतका खाली येतो, की वातावरणात शिरून संपतो. उत्तरेकडच्या आकाशात लुकलुकणारे अरोरा दिसतात, त्यामागे कोरसने असे खाली पाडलेले इलेक्ट्रॉन असतात. जपानच्या अरासे या उपग्रहाच्या मोजमापांवरून २०१८ मध्ये हे थेट सिद्ध झालं. दुसरा परिणाम म्हणजे ऊर्जा वाढते. इथे कोरसचा कारभार मजेशीर आहे. तो कमी ऊर्जेच्या असंख्य इलेक्ट्रॉनांकडून थोडी थोडी वर्गणी काढतो आणि आधीच सधन असलेल्या मोजक्या इलेक्ट्रॉनांना कोट्यधीश करतो!

हाच तो 'उपयोग काय?'

हे कोट्यधीश इलेक्ट्रॉन उपग्रहांचे शत्रू आहेत. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमचा दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा भेदू शकतो. आत गेला की केबलच्या इन्सुलेशनमध्ये किंवा पीसीबीच्या थरात अडकून बसतो. असे लाखो करोडो साठत गेले की एक दिवस ठिणगी पडते. सर्किटला वाटतं, कमांड आली! किंवा सर्किटच जळतं. २० आणि २१ जानेवारी १९९४ ला कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे उपग्रह असेच काही तासांच्या अंतराने भरकटले. दोघांचीही दिशा सांभाळणाऱ्या चाकांची यंत्रणा बंद पडली. देशभरातलं टीव्ही प्रसारण विस्कळीत झालं. पहिला काही तासांत ताळ्यावर आला, दुसऱ्याला कामावर आणायला महिने लागले. त्याआधीचे काही दिवस बाहेरचा पट्टा जोरदार इलेक्ट्रॉनांनी तुडुंब भरलेला होता.

आता आपल्याकडे बघा. इन्सॅट आणि जीसॅट मालिकेतले दूरसंचार उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून ६.६ त्रिज्या अंतरावर आहेत, बाहेरच्या पट्ट्याच्या कडेला. नाविकचे उपग्रहही त्याच उंचीवर फिरतात. जीपीएसचे तर थेट पट्ट्याच्या गाभ्यातून जातात. डिश टीव्हीवरची मॅच असो की मच्छीमाराला मिळणारा वादळाचा इशारा, सगळ्याची वाट या भागातून जाते. इथला 'हवामान अंदाज' द्यायचा तर कोरस आणि हिस समजल्याशिवाय गत्यंतर नाही.

भांडण कसं मिटलं

१९९० नंतर शास्त्रज्ञांमध्ये दोन तट होते. एक म्हणे, जोरदार इलेक्ट्रॉन बाहेरून आत ढकलले जातात आणि वाटेत त्यांची ऊर्जा वाढते. दुसरा म्हणे, लहरी त्यांना पट्ट्यातल्या पट्ट्यातच ताकद देतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ च्या मोठ्या वादळात बाहेरचा पट्टा पार विस्कटला आणि सहसा रिकाम्या असणाऱ्या गल्लीतच नवा पट्टा उभा राहिला. २००५ मध्ये रिचर्ड हॉर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कोरसच्या हिशेबाने हे जमतं. तरी प्रत्यक्ष पुरावा हवा होता.

३० ऑगस्ट २०१२ ला नासाने दोन जुळे उपग्रह सोडले. पुढे त्यांना व्हॅन ॲलन प्रोब्ज हे नाव मिळालं. दोनच का? एकच उपग्रह असेल आणि इलेक्ट्रॉन वाढलेले दिसले, तर ते वेळेमुळे वाढले की जागेमुळे, हे कळत नाही. दोन असले की कळतं. त्यामागची युक्ती साधी होती. अंगणात पिठाचा ढीग दिसला आणि तो दाराकडे उंच, आत उतरता असेल, तर पीठ दारातून आलं. पण ढिगाचं टोक अंगणाच्या मधोमध असेल, तर कुणीतरी तिथेच ओतलंय! ऑक्टोबर २०१२ च्या वादळात टोक मधोमध सापडलं, आणि त्याच वेळी तिथे कोरसही जोरात होता. म्हणून बाहेरून येण्याची वाट खोटी ठरली असं नाही. ती दुसऱ्या प्रसंगी चालतेच. पण लहरींचा वाटा त्यानंतर कुणी नाकारला नाही. दोन वर्षांसाठी पाठवलेले हे उपग्रह २०१९ पर्यंत चालले.

आपला संबंध

हे सगळं नासा आणि केंब्रिजचंच आहे असं समजू नका. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत असे. सप्टेंबर १८५९ च्या ऐतिहासिक वादळात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद तिथल्या वह्यांत आहे. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्याच वह्या उघडून त्या वादळाचा अभ्यास केला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली, ती आजही चालू आहे. संस्थेचं मुख्यालय पनवेलला, म्हणजे आपल्यापैकी कित्येक जण सुट्टीला एसटीने जातात त्या रस्त्यावर! कोरसच्या बारकाव्यांवरही या संस्थेच्या गुरबक्ष लखिना यांनी काम केलेलं आहे.

आणि आपण? आम्ही तिघांनी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून लूप अँटेना केली, ऑप-ॲम्पचा प्रीॲम्प्लिफायर जोडला आणि लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत घातला. हॉस्टेलच्या गच्चीवर फक्त पन्नास हर्ट्झची घरघर आणि तिचं सगळं खानदान ऐकू आलं. एकदा रात्री साडेअकराला लाईट गेली. खाली सगळे ओरडले, वर आम्ही नाचलो! घरघर एकदम कमी झाली आणि लांबच्या विजांचे लाह्या फुटल्यासारखे आवाज आले, मधूनच 'टिव्, टिव्'. हे ट्वीक. जमीन आणि आयनांबर मिळून एक प्रचंड वेव्हगाईड होतं. रात्री उंची ८८ किलोमीटर धरली, तर प्रकाशाचा वेग भागिले दुप्पट उंची, म्हणजे १.७ किलोहर्ट्झ ही कटऑफ. आमच्या स्पेक्ट्रोग्रामवर सगळे ट्वीक बरोबर तिथेच येऊन वाकत होते. मायक्रोवेव्ह लॅबमध्ये जे सूत्र पाठ करतो, ते ढगांच्या वर चालू होतं.

व्हिसलर मात्र इथे सहसा मिळत नाही. महाराष्ट्राचं भूचुंबकीय अक्षांश दहाच्या आसपास. इथून निघालेली बलरेषा काहीशे किलोमीटर वर जाऊन परत जमिनीला टेकते. शिट्टी लांबायला वाटच पुरत नाही. त्यासाठी उत्तरेला जावं लागतं. गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे अनेक वर्षं व्हिसलर नोंदले गेले आहेत.

शेवटी एक गोष्ट खास ज्युनिअर्ससाठी. मे २०२४ च्या महावादळात लडाखमधल्या हानले इथून लाल अरोरा टिपला गेला, हे वाचलं असेलच. त्या वादळानंतर दोन पट्ट्यांच्या मध्ये आणखी दोन तात्पुरते पट्टे तयार झाले होते. ते कुणी शोधले? कोलोरॅडो विद्यापीठाच्या, बुटाच्या खोक्याएवढ्या एका क्यूबसॅटने. तो वादळाआधी बंद पडला होता, जूनमध्ये आपला आपण जागा झाला आणि त्याने हे शोधून दिलं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीवरून गेला. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला, तो तर आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठीच होता. तेव्हा हे काम आपल्या वयाच्या मुलामुलींच्या आवाक्यातलं आहे.

आमची चौकट अजून गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेली आहे. ज्याला पाहिजे त्याने न्यावी. फक्त हॉस्टेलपासून दूर, टेकडीपलीकडे न्या, आणि लाईट जायची वाट बघू नका.